घरातल्या वृद्धांची काळजी घेताय? आधी तुमच्या अंगावरचं काम कमी करू

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं सगळं करणाऱ्याला येताजाता एक सल्ला मिळतो: "स्वतःकडेही जरा लक्ष दे." सांगणारा निघून जातो आणि आधीच गच्च भरलेल्या दिवसात आणखी एका कामाची भर पडते. आता ध्यान करायचं, फिरायला जायचं, छंद जोपासायचा. ज्याला रात्री सलग तीन तास झोप मिळत नाही त्याला छंद सुचवणं मला तरी निर्दयपणाचं वाटतं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. काम कसं कमी करायचं, झोप कशी परत मिळवायची, पाठ कशी वाचवायची हे आधी, मनाचं त्यानंतर. मनाच्या बऱ्याचशा तक्रारी या तिन्हींतूनच उगवलेल्या असतात.

याला अभ्यासाचा आधारही आहे. रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांनी 1999 मध्ये अमेरिकेतल्या 66 ते 96 वयाच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. जोडीदाराची काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघाला. हा आकडा सगळे सांगतात. त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मात्र सहसा कुणी सांगत नाही: काळजी घेत होते पण ताण नव्हता, अशांचा धोका वाढलेला दिसला नाही. पुढे 2013 मध्ये अमेरिकेतल्याच साधारण साडेतीन हजार काळजीवाहकांच्या अभ्यासात तर त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा 18 टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे सेवा मुळात घातक नसते. ती एकाच्याच गळ्यात पडली, रात्रंदिवस पडली आणि सुटकेची वाटच दिसेनाशी झाली, की शरीर खचतं.

पायरी 1: आठवडाभर सगळं लिहून काढा

एक वही घ्या. केलेलं प्रत्येक काम, त्याची वेळ आणि त्याला लागलेली मिनिटं लिहा. अंघोळ, औषधं, डायपर हे सहज आठवेल. जे आठवत नाही ते जास्त महत्त्वाचं: डॉक्टरांची वेळ घेण्यासाठी केलेले फोन, औषध घ्यायला लावण्यासाठी घातलेला वाद, पलीकडच्या खोलीतल्या आवाजाकडे कान लावून पडून राहणं. रात्री किती वेळा उठलात आणि पुन्हा झोप लागायला किती वेळ गेला, तेही लिहा.

आठवडा संपला की प्रत्येक कामापुढे एक खूण करा. हे फक्त मीच करू शकते का? कुणाला शिकवलं तर तो करू शकेल का? की हे केलं नाही तरी चालेल? तिसऱ्या प्रकारात अपेक्षेपेक्षा बरीच कामं निघतात. आणि त्यातली काही ती वृद्ध व्यक्ती स्वतःच करू शकते, फक्त सावकाश. शर्टाची बटणं लावणं, केस विंचरणं, खुर्चीतून उठून टेबलापर्यंत जाणं ही कामं आपण घाईपोटी उरकून टाकतो. वापर थांबला की म्हातारपणी स्नायूंची ताकद फार लवकर जाते. आज वाचवलेली दहा मिनिटं सहा महिन्यांनी उचलून बसवण्याच्या कामात कितीतरी पटींनी मोजावी लागतात. बटणं लावू द्या. लागू दे वेळ.

भार मोजायचा असेल तर स्टीव्हन झॅरिट यांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिचं पहिलं रूप 1980 चं. आज रूढ असलेल्या रूपात 22 प्रश्न आहेत, प्रत्येकाला 0 ते 4 गुण, म्हणजे जास्तीत जास्त 88. साधारणपणे 40 च्या वर गुण गेले की भार मध्यम ते तीव्र मानतात. आकड्याचा मोठा उपयोग असा की डॉक्टरांसमोर किंवा भावंडांसमोर "मी दमलेय" म्हटल्यावर जे होत नाही, ते कागदावरच्या संख्येने होतं.

पायरी 2: रात्र दुरुस्त करा

एकच गोष्ट सुधारणं शक्य असेल तर झोप सुधारा. चिडचिड, विसराळूपणा, औषधांच्या मात्रेतल्या चुका, जिन्यावर जाणारा तोल, या सगळ्यांच्या मुळाशी जागरण असतं.

आधी रात्री ते का उठतात हे वहीतून शोधा. लघवीसाठी वारंवार उठावं लागत असेल तर लघवी वाढवणारं औषध किती वाजता दिलं जातं ते बघा. संध्याकाळची गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वेळ मनानेच बदलू नका. पायांना सूज असेल तर आडवं झाल्यावर तेच पाणी रक्तात परततं आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडतं. अशांनी दुपारी तासदोन तास पाय उंचावर ठेवून पडल्यास रात्रीच्या फेऱ्या बऱ्याचदा कमी होतात. पाणी दिवसा भरपूर आणि संध्याकाळनंतर बेताचं असावं. एकूण पाणी मात्र तोडू नका. त्याने बद्धकोष्ठता आणि गोंधळलेपण वाढतं. पलंगाशेजारी कमोडची खुर्ची किंवा युरिन पॉट ठेवला आणि जमिनीलगत मंद दिवा लावला तर काही जण तुम्हाला न उठवता एकटे निभावतात.

दुखणं हे दुसरं कारण, आणि ते बोलून दाखवलं जातंच असं नाही. कूस बदलताना कण्हणं, कुठेही हात लावला की चिडणं ही त्याची भाषा. तिसरं कारण म्हणजे दिवसभराच्या डुलक्या. सकाळचा उजेड अंगावर येऊ देणं आणि दुपारची झोप अर्ध्यापाऊण तासावर आणणं हे उपाय दिसायला साधे आहेत, पण दोनतीन आठवडे नेटाने केले तर फरक पडतो. झोपेच्या गोळीची घाई करू नका. म्हातारपणी या गोळ्यांनी पडण्याचा आणि भ्रमाचा धोका वाढतो.

आता तुमची झोप. "काही झालं तर कळणार नाही" या धास्तीने निम्मी झोप जाते. पलंगाच्या कडेला ठेवायची, पाय पडताच वाजणारी चटई किंवा हाताशी दिलेली बिनतारी घंटा असली की कान लावून पडावं लागत नाही. आणि आठवड्यातून निदान दोन रात्री दुसऱ्या कुणी उठायचं, तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. हे दोन दिवस आधीच ठरलेले असावेत. "बघू, फार दमलीस तर सांग" या बोलीवर मिळालेली रात्र कधी येतच नाही.

एक इशारा इथेच देते. काल बरं बोलणारं माणूस एकदोन दिवसांत अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागलं, रात्र रात्र ओरडू लागलं किंवा उलट सुस्त पडून राहिलं, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, पोटात साचलेला मल, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यांपैकी काहीतरी असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पायरी 3: पाठीचं गणित

अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा संशोधनातून 2007 मध्ये एक मर्यादा सुचवली गेली: रुग्णाला हलवताना एका माणसाने हाताने 35 पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे 16 किलोंपेक्षा जास्त भार पेलू नये, आणि तेही परिस्थिती अनुकूल असताना. 70 किलोंच्या माणसाचा नुसता एक पाय 11 किलोंच्या आसपास भरतो. यावरून "मी एकटी उचलते त्यांना" या वाक्याचा अर्थ कळावा.

म्हणून उचलू नका, उठायला मदत करा. त्यांना पलंगाच्या कडेला आणा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायला लावा आणि धड पुढे झुकवायला सांगा, नाक पायांच्या बोटांच्या वर येईपर्यंत. मग तीन म्हणताच त्यांनी हातांनी गादीवर रेटा द्यायचा. तुमचा हात कंबरेशी. कंबरेला बांधायचा मुठींचा पट्टा मिळतो, तो असेल तर उत्तम. काखेत हात घालून ओढणं पूर्ण बंद करा. त्यांचा खांदा आणि तुमची कंबर, दोन्ही त्यात जातात. अंथरुणावर वर सरकवायला गुळगुळीत कापडाची सरकचादर वापरा आणि डायपर बदलताना पलंगाची उंची तुमच्या कंबरेपर्यंत आणा. उंची बदलता येणारा पलंग भाड्याने मिळत असेल तर पहिला खर्च त्यावर करावा, असं माझं मत आहे. या गोष्टी फिजिओथेरपिस्टकडून एकदा समोर उभं राहून शिकून घ्या. वाचून अर्धवट जमतं, आणि अर्धवट जमलेलं इथे धोक्याचं.

ते पडले तर लगेच उचलायला धावू नका. डोकं आपटलंय का, कुठे हलवताना कळ येते का, ते बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर वरून काही दिसो न दिसो, दवाखान्यात न्यायलाच हवं.

पायरी 4: मदत मागू नका, काम सोपवा

बहुतेक घरांत हे सगळं एकाच्या अंगावर येतं, आणि ती एक व्यक्ती बहुधा बाई असते. बाकीचे वाईट असतात असं नाही. काम चालू आहे तोवर ते त्यांना दिसतच नाही. तुम्ही जितकं नीट करता तितकं ते अदृश्य होत जातं.

इथे ती वही कामी येते. सगळ्यांना एकत्र बसवा, लांबच्यांना फोनवर घ्या, आणि भावनेने सुरुवात करू नका. "तुम्हाला काही पडलेली नाही" हे वाक्य खरं असलं तरी त्या दिवशी गिळा. वहीतले आकडे वाचून दाखवा: आठवड्याचे इतके तास, रात्री इतक्या वेळा उठणं. मग यादी पुढे सरकवा आणि विचारा, यातलं कोणतं कोण घेतो?

काम द्यायचं ते मुळापासून द्यायचं. "औषधं आणून दे" ही मदत झाली, कारण संपत आलीत हे लक्षात ठेवणं तुमच्याकडेच राहिलं. "औषधांचं सगळं आता तुझ्याकडे: साठा, चिठ्ठी, डॉक्टरांना विचारणं, आठवड्याचा डबा भरणं" ही जबाबदारी झाली. लांब राहणाऱ्या भावंडाला बिलं, विम्याचे कागद, डॉक्टरांच्या वेळा, बदली माणसाचा पगार, रोज संध्याकाळी त्यांच्याशी अर्धा तास व्हिडिओवर गप्पा हे सगळं करता येतं. त्या अर्ध्या तासात तुम्ही खोलीत थांबायचं नाही. आणि एकदा सोपवलं की पद्धत त्यांची. डबा तुमच्यासारखा भरला नाही म्हणून परत ओढून घेतलात, तर तो कायमचा तुमचाच. गोळ्या चुकणं आणि डब्याची जागा बदलणं यांत फरक आहे. पहिल्यावर बोला, दुसऱ्यावर नको.

कुटुंबाला सोबत घेण्याने खरंच फरक पडतो. मेरी मिटलमन आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये अल्झायमर झालेल्यांच्या 406 जोडीदारांवर प्रदीर्घ अभ्यास केला. त्यातल्या निम्म्यांना दोन वैयक्तिक आणि चार कौटुंबिक समुपदेशनाच्या बैठका, आधारगट (अशाच काळजीवाहकांचा एकमेकांना आधार देणारा गट) आणि लागेल तेव्हा फोनवर सल्ला मिळाला. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या गटातल्या रुग्णांना शुश्रूषागृहात, म्हणजे कायम राहून काळजी घेतली जाणाऱ्या संस्थेत, ठेवण्याची वेळ साधारण 557 दिवसांनी लांबली. सहापैकी चार बैठका घरच्या इतरांना घेऊन होत्या, हे ध्यानात घ्या. घरात बोलणं भांडणावरच जात असेल तर समुपदेशक किंवा दोन्ही बाजू मानतील असं एखादं वडीलधारं माणूस मध्ये बसवा.

घरात दुसरं कुणीच नसेल तर ही यादी घेऊन डॉक्टर, समाजसेवक, शेजारी, संस्था यांच्याकडे जा. "काही मदत होईल का?" याला उत्तर मिळत नाही. "मंगळवारी अकरा ते एक कुणी त्यांच्यापाशी बसेल का?" याला मिळतं.

पायरी 5: बदली माणूस, आणि "मला परकं कुणी नको"

मदतनीस ठेवायचं ठरलं की पहिला विरोध बहुधा त्यांच्याकडूनच येतो. तो हट्टापेक्षा लाजेतून आणि भीतीतून आलेला असतो. म्हणून अंघोळीपासून सुरुवात करू नका. पहिले काही दिवस मदतनिसाने घरातलं दुसरंच काम करावं, तुम्ही तिथेच असावं. मग गप्पा, मग वाचून दाखवणं, मग फिरायला नेणं. शरीराला हात लावायची कामं सगळ्यात शेवटी. "माझ्या मदतीला कुणी हवं म्हणून आणलंय" असं सांगितलेलं पुष्कळदा चालून जातं, आणि ते खोटंही नाही.

मोकळा वेळ मिळाला की तुम्ही साठलेली कामं काढाल, याची मला खात्री आहे. निदान त्यातला अर्धा वेळ घराबाहेर घालवा. घरात असलात की हाक येणार, आणि हाक आली की तुम्ही उठणार. आठवड्यातून चार तास, ठरलेल्या दिवशी, एवढ्याने सुरू करा. अगदी गळून गेल्यावर एकदाच आठ दिवस सुटी घेण्यापेक्षा हे नियमित चार तास जास्त उपयोगी पडतात.

पायरी 6: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा

स्मृतिभ्रंश असेल तर अंगमेहनतीपेक्षा बोलणंच जास्त दमवतं. "ती कधी येणार?" दहा मिनिटांत आठ वेळा. "माझे पैसे तू घेतलेस." "मला घरी जायचंय", आणि ते घरातच बसलेले.

वाद जिंकता येत नाही, कारण तुम्ही दिलेला पुरावा त्यांच्या मेंदूत टिकत नाही. प्रश्नामागे काय आहे ते बघायचं. "घरी जायचंय" मागे बऱ्याचदा भीती, भूक, लघवीची भावना किंवा कंटाळा असतो. "कुठलं घर, कोण कोण होतं तिथे?" असं विचारत त्यांना उठवून चार पावलं चालवा. चोरीच्या आरोपावर "मी नाही घेतले" म्हणण्यापेक्षा "चला, शोधू या" म्हणा. सूर्य कलल्यावर अस्वस्थता वाढते, तेव्हा खोलीतले दिवे आधीच लावा, टीव्हीच्या बातम्या बंद करा आणि अंघोळ, पाहुणे, डॉक्टर हे सगळं सकाळी उरका.

हे जन्मजात कुणालाच येत नाही, शिकता मात्र येतं. लंडनमध्ये गिल लिव्हिंगस्टन यांच्या गटाने काळजीवाहकांना आठ सत्रांत अशी तंत्रं शिकवून पाहिली. शिकवणारे मानसशास्त्राचे पदवीधर होते, तज्ज्ञ मानसोपचारक नव्हेत. 2013 मध्ये आलेल्या निष्कर्षांत काळजीवाहकांचं नैराश्य आणि चिंता कमी झालेली दिसली. जागतिक आरोग्य संघटनेनेही स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरच्यांसाठी 'आयसपोर्ट' नावाचा प्रशिक्षणक्रम तयार केला आहे.

पायरी 7: राग, आणि जे कुणाला सांगत नाही ते

"आता हे संपावं" असा विचार मनात येतो. तो बहुतेक काळजी घेणाऱ्यांच्या मनात येतो आणि आला म्हणून माणूस वाईट ठरत नाही. दमलेल्या माणसाला सुटका हवी असते, एवढाच त्याचा अर्थ.

विचार आणि हात यांच्यामधली रेघ मात्र पक्की ठेवा. दंड जोरात आवळला गेला, ढकललं गेलं, मुद्दाम वाट बघायला लावलं गेलं, तर ती धोक्याची घंटा आहे. राग चढतोय हे आधी शरीर सांगतं: दात आवळले जातात, आवाज चढतो. तेव्हा ते सुरक्षित बसलेले किंवा पडलेले आहेत एवढं बघून खोलीबाहेर जा. पाच मिनिटांनी ओलं डायपर बदललं तर काही बिघडत नाही. रागात बदललं तर बिघडू शकतं. रात्री फोन करता येईल असं एक माणूस आधीच ठरवून ठेवा, तुमचं ऐकून उपदेश न करणारं. असे प्रसंग पुन्हा घडत असतील तर व्यवस्था बदलायची वेळ झाली आहे. डॉक्टरांना हे स्पष्ट शब्दांत सांगा.

आणि एक दुःख असतं ज्याला कुणी भेटायलाही येत नाही. माणूस समोर आहे, श्वास चालू आहे, पण तुमचं नाव त्याला आठवत नाही. अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी 1970 च्या दशकात, युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना, अशा अर्धवट ताटातुटीचा विचार मांडला आणि पुढे तो स्मृतिभ्रंशालाही लावला. यावर औषध नाही. पण "मला नेमकं काय होतंय" हे कळल्याने माणूस स्वतःला दोष देणं कमी करतो, आणि त्याच वाटेवरच्या माणसांच्या आधारगटात हे न सांगताच समजतं.

पायरी 8: तुमचं दुखणं अंगावर काढू नका

जॅनिस किकोल्ट-ग्लेसर यांनी 1995 मध्ये 13 काळजीवाहक स्त्रियांच्या हातावर सारखीच छोटी जखम करून ती भरायला लागणारा वेळ मोजला. इतर स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. गट लहान होता, पण ताण कातडीपर्यंत पोचतो हे त्यातून दिसलं.

रक्तदाब, साखर, दात, डोळे यांच्या तपासण्या त्यांच्या डॉक्टरांच्या भेटींना जोडून घ्या, म्हणजे वेगळा दिवस काढावा लागणार नाही. "मी घरी एकटी काळजी घेते" हे तुमच्या डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलं असू द्या. दोन आठवडे जवळपास रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. झोपायला मद्य किंवा गोळी लागू लागली, जगण्यात अर्थ नाही असं वाटू लागलं, किंवा स्वतःला वा त्यांना इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा मदतवाहिनीशी बोला आणि त्या रात्री एकटं राहू नका.

पायरी 9: फाइल आणि सीमारेषा

उद्या तुम्हालाच ताप आला तर? एक फाइल करा. औषधं, मात्रा आणि वेळा, ॲलर्जी, डॉक्टरांचे नंबर, विम्याचे कागद, चालण्या-गिळण्यातल्या अडचणी हे पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर त्यांच्या सवयी: कोणत्या कुशीवर झोपतात, कशाने घाबरतात, कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते. बदली आलेल्या माणसाला पहिल्यापेक्षा दुसऱ्या पानाचाच जास्त उपयोग होतो. ते बोलण्याच्या स्थितीत आहेत तोवर, पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि त्यांच्या वतीने कोणी ठरवायचं, हे विचारून लिहून ठेवा.

शेवटी, घरी करणं कुठे थांबवायचं ते शांत डोक्याने आत्ताच लिहा, कारण संकटाच्या रात्री असे निर्णय नीट होत नाहीत. उदाहरणार्थ: हलवायला दोन माणसं लागू लागली आणि दुसरं माणूस मिळत नसेल, बदली माणूस ठेवूनही महिनाभर रात्रीची झोप सलग चार तासांवर जात नसेल, ते हात उगारू लागले असतील, तुमचा एखादा आजार हाताबाहेर जात असेल. यातलं काही घडलं की पूर्णवेळ मदतनीस किंवा शुश्रूषागृह बघायला सुरुवात करायची, हे सगळ्यांसमोर ठरवून त्यावर सगळ्यांनी नाव घाला. त्याआधीच, गरज नसताना, एकदोन शुश्रूषागृहं बघून या. शक्यतो रात्रीच्या जेवणाच्या वेळेला जा, त्या वेळी माणसं किती आहेत आणि किती कमी पडतात ते खरं दिसतं. वही आणि झॅरिटची प्रश्नावली दर तीन महिन्यांनी पुन्हा काढा, आणि गुण वाढलेले असतील तर यादीतलं पुढचं काम कुणाकडे द्यायचं ते त्याच आठवड्यात ठरवा.